माहेर मुंबई, पण टीम मध्य प्रदेशची!

भारताचा सामना असला की टाळी कुणासाठी वाजवायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश अशी फायनल असेल आणि तुम्ही जबलपूरला राहणारे मराठी असाल तर? रक्त इकडे ओढतं, पाणी तिकडे! प्रांताच्या टीमवर वर्षानुवर्षं जीव लावणाऱ्यांची ही गोष्ट. ती जबलपूरच्या रिछाईपासून सुरू होते आणि थेट आयर्लंडला जाऊन येते...

बुधवार, २२ जून २०२२. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर रणजी करंडकाची फायनल सुरू झाली. एका बाजूला मुंबई. तोवर तब्बल ४१ वेळा हा करंडक घरी नेलेली! दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. करंडक किती? शून्य.

मुंबईत त्या आठवड्यात या सामन्याकडे बघायला फुरसत होती कुणाला? राज्यात सत्तांतराचं नाट्य ऐन रंगात आलेलं. वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यानंच भरलेली. शिवाय मुंबईनं रणजी जिंकणं ही काय बातमी झाली? मध्य प्रदेशात मात्र चित्र उलटं होतं. तिथं रणजीची फायनल म्हणजे घरचं कार्य.

आता जरा जबलपूरच्या रिछाईकडे वळू या. ही शहरातली औद्योगिक वसाहत. लहान-मोठे कारखाने, शेड, लेथचा खडखडाट, ट्रकची ये-जा. अशा वसाहतीच्या आसपास राहणारं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा नागपूरहून गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आलेले. वडील व्हेइकल फॅक्टरीतून रिटायर झालेले. मुलाचं रिछाईत छोटंसं वर्कशॉप. सूनबाई दादरची. मुंबईच्या सरफराज खाननं फायनलमध्ये शतक ठोकल्यावर अशा घरात काय संवाद झाला असेल?

"बाबा, बघितलंत? आमच्या सरफराजनं शंभर केले!"

"केले ना, सूनबाई. आता आपला शुभम काय करतो ते बघा."

यातला 'आमचा' आणि 'आपला' हा फरक लक्षात आला? सगळी गोष्ट त्या एका 'आपला'मध्ये आहे. टीम आपली कशी होते? भाषेमुळे? जन्मगावामुळे? की जिथं नोकरी केली, मुलं वाढवली, ज्या टीमचे पराभव पचवले, ती आपली?

रांझी आणि रणजी

गंमत बघा, जबलपूरच्या एका उपनगराचं नावच रांझी! इकडे लष्करी कारखान्यांचा मोठा पसारा. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, तर लष्कराचे ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. कारखाने आले की देशभरातून माणसं येतात. मराठी माणसं मात्र त्याआधीपासून इथं आहेत. १८व्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८१७ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला, तेव्हा राजधानी नागपूर आणि जबलपूर त्याच प्रांतातलं मोठं शहर. १९३४-३५मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली त्यात मध्य प्रांत आणि वऱ्हाडची टीम होती. म्हणजे नागपूरकर आणि जबलपूरकर एकाच टीमचे पाठीराखे!

ही जोडी फुटली १ नोव्हेंबर १९५६ला. भाषावार प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. जबलपूरला हायकोर्ट मिळालं. विनोबांनी या गावाला 'संस्कारधानी' म्हटलं. मराठी कुटुंबं तिथंच राहिली. घरात गणपती बसत राहिले आणि बाहेर खोव्याच्या जिलेबीची चव जिभेवर रुळली. नकाशावरची रेघ हलली तशी क्रिकेटची टीमही बदलली. पण मन काही सरकारी राजपत्र निघालं म्हणून एका दिवसात बदलत नाही.

होळकरांची पुण्याई

तसं बघितलं तर मध्य प्रदेशच्या क्रिकेटमध्ये मराठी माणूस परका कधीच नव्हता. या क्रिकेटचं बारसंच मुळी मराठी राजघराण्यानं केलं. इंदूरच्या होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना १९२३मध्ये आपल्याकडे बोलावून घेतलं. पुढे १९४१-४२पासून 'होळकर' याच नावाची टीम रणजीत उतरली आणि तिनं काय धुमाकूळ घातला! १४ हंगामांत १० वेळा फायनल आणि चार वेळा करंडक. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. त्यातला १९४७-४८चा तर मुंबईला हरवून!

या टीममधली नावं वाचा. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली तर होतेच. शिवाय सागरला जन्मलेले चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, मुंबईहून गेलेले खंडू रांगणेकर. १९४४-४५च्या फायनलमध्ये तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करूनही हरला!

होळकर टीम १९५४-५५च्या हंगामानंतर संपली. मग आला मध्य प्रदेश आणि त्याच्याबरोबर आला दुष्काळ. खेळाडू मिळत होते, करंडक मिळत नव्हता. नरेंद्र हिरवाणीनं जानेवारी १९८८मध्ये मद्रासला कसोटी पदार्पणातच वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले. जबलपूरला जन्मलेला अमय खुरासिया १९९९मध्ये पहिल्याच वनडेत ५७ धावा करून गेला. आणि उज्जैनचा देवेंद्र बुंदेला! रणजीचे तब्बल १४५ सामने, प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. प्रांताच्या टीमचा चाहता म्हणजे काय ते कळायला बुंदेलाकडे बघावं. टीव्हीवर न दिसणारा, जाहिरातीत न झळकणारा खेळाडू. पण दर हिवाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात त्याचं नाव शोधणारी माणसं होती. त्याच्या ४० धावा झाल्या की कुणाचा तरी दिवस चांगला जायचा.

तेवीस वर्षांची ठसठस

या चाहत्यांना सर्वात मोठा चटका बसला तो एप्रिल १९९९मध्ये. रणजी फायनल, समोर कर्नाटक आणि मैदान तेच, बंगळुरूचं चिन्नास्वामी. मध्य प्रदेशचा कप्तान होता मुंबईचा चंद्रकांत पंडित. रमाकांत आचरेकर सरांचा शिष्य, भारताचा माजी यष्टिरक्षक. कर्नाटकच्या ३०४ धावांना मध्य प्रदेशनं ३७९ धावांनी उत्तर दिलं. ७५ धावांची आघाडी! रणजी फायनलचा नियम असा की, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेल्या टीमला करंडक. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहायचं होतं.

तेवढंच जमलं नाही. कर्नाटकच्या विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव १५० धावांत कोसळला. ९६ धावांनी हार.

घरात लग्न ठरावं, पत्रिका छापून व्हाव्यात आणि हळदीच्या दिवशी सोयरीक मोडावी, तसं झालं! पंडितच्या मनात ही ठसठस राहिली, तशीच ती चाहत्यांच्याही राहिली. फरक एवढाच की, कप्तानाला लोक विचारतात, चाहत्याला कुणी विचारत नाही.

पुढे पंडित कोच झाला आणि चमत्कार करत सुटला. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६मध्ये रणजी जिंकून दिली. मग गेला विदर्भाकडे. २०१७-१८मध्ये विदर्भानं इतिहासातला पहिला रणजी करंडक जिंकला. दिल्लीविरुद्धची ती फायनल कुठं झाली ठाऊक आहे? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! पुढच्या वर्षी विदर्भानं पुन्हा जिंकून दाखवली. जबलपूरच्या चाहत्यानं तेव्हा काय म्हटलं असेल? कधीकाळी एका टीमचे सोबती असलेले नागपूरकर बघता बघता पुढे निघून गेले. तेही आपल्याच जुन्या कप्तानाच्या हाताला धरून!

२०२०मध्ये मध्य प्रदेशनं पंडितला कोच म्हणून परत बोलावलं.

तेच मैदान, तोच माणूस

आता पुन्हा जून २०२२. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे मध्य प्रदेशचे दोन बडे खेळाडू भारतीय संघाबरोबर. कप्तान आदित्य श्रीवास्तव. मुंबईनं ३७४ धावा केल्या. सरफराज १३४, यशस्वी जैस्वाल ७८. वाटलं, झालं, नेहमीसारखंच होणार.

पण यश दुबे आणि शुभम शर्मा जे उभे राहिले! यश १३३, शुभम ११६. मग रजत पाटीदारनं १२२ फटकावल्या. मध्य प्रदेश ५३६! ४१ करंडकवाल्या मुंबईवर १६२ धावांची आघाडी.

आघाडी मिळाली म्हणून जबलपूर-इंदूरचे जुने चाहते निर्धास्त झाले असतील? छे! १९९९लाही आघाडी होतीच की. ज्यांनी तो दिवस बघितला होता त्यांच्या पोटात रविवारपर्यंत गोळा असणारच. नव्या पोरांना हे सांगून कळत नाही.

रविवार, २६ जून. मुंबईचा दुसरा डाव २६९वर संपला. जिंकायला हव्या होत्या १०८ धावा. मध्य प्रदेशनं त्या चार गडी गमावून केल्या. सहा विकेटनी विजय! होळकरांच्या शेवटच्या करंडकानंतर ६९ वर्षांनी रणजी या मुलखात परतली. तेवीस वर्षांपूर्वी जिथं हात रिकामे राहिले, त्याच मैदानावर पंडितच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोरांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं होतं.

जिंकून देणारा मराठी, हरणारी टीम मुंबई! जबलपूरच्या मराठी घरातल्या भांडणाचा निकाल यापेक्षा गोड लागला नसता.

आयर्लंडमध्येही हेच!

त्याच रविवारी आवेश खान भारताकडून टी-ट्वेंटी खेळत होता आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मॅलाहाइडला. आयर्लंडचा उल्लेख मुद्दाम केला. प्रांताच्या टीमवर जीव ओवाळून टाकायचा कसा, हे शिकावं तर त्या लोकांकडून. तिथं क्रिकेटपेक्षा रग्बीचं वेड मोठं. मुंबईकरांनी बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ पाहिला असेल. अंड्याच्या आकाराचा चेंडू, प्रत्येकी १५ खेळाडू, चेंडू हातानं द्यायचा तो मागे आणि पळायचं मात्र पुढे. आयर्लंडचे प्रांत चार. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. प्रत्येकाची आपली टीम.

लिमरिक हे मन्स्टर प्रांतातलं शहर. तिथल्या थॉमंड पार्क मैदानावर ३१ ऑक्टोबर १९७८ला मन्स्टरनं बलाढ्य न्यूझीलंडला १२-० असं लोळवलं. त्या दौऱ्यात न्यूझीलंड फक्त हा एक सामना हरला. खुद्द आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडला हरवायला पुढे २०१६ साल उजाडलं! त्या एका सामन्यावर चक्क नाटक निघालं आणि ते गाजलं. या मैदानाचा एक रिवाज ऐकण्यासारखा आहे. खेळाडू किक मारायला उभा राहिला की सगळं स्टेडियम चिडीचूप. आपला असो की समोरच्या टीमचा!

पण मन्स्टरवाल्यांचीही वाट बघण्यात उमेद खर्ची पडली. युरोपच्या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेत २०००ची फायनल ८-९ अशी अवघ्या एका गुणानं गेली. २००२मध्ये पुन्हा फायनल, पुन्हा हार. दरवेळी चाहते समुद्र ओलांडून जायचे आणि रिकाम्या हातानं परतायचे. अखेर २००६ साली वेल्समधल्या कार्डिफला फ्रान्सच्या बियारित्झला २३-१९नं हरवून करंडक आला. सामना चालू असताना स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर लिमरिकच्या रस्त्यात उभी असलेली हजारोंची गर्दी दाखवली गेली. ती बघून मैदानातल्या खेळाडूंनाही बळ चढलं नसतं तरच नवल!

कॉनॉटची कथा तर आणखी हृद्य. चौघांतला हा गरीब भाऊ. २००३मध्ये खर्च परवडत नाही म्हणून ही टीम बंद करायचा विचार आयर्लंडच्या रग्बी संघटनेनं चालवला होता. चाहते काय करतात? नेहमी मैदानात जाणारी साधी माणसं डब्लिनला जमली आणि संघटनेच्या दारावर मोर्चा घेऊन गेली. टीम वाचली. १३ वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच कॉनॉटनं फायनलमध्ये बड्या लेन्स्टरला हरवून पहिला मोठा करंडक जिंकला. २००३च्या मोर्चात चाललेल्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हे १९९९ सोसलेल्या जबलपूरकराला वेगळं सांगायला नको.

रिकाम्या गॅलरीतला माणूस

आपल्याकडे मात्र एक काळजीची गोष्ट आहे. आयपीएलच्या सामन्याला तिकिटासाठी मारामारी आणि रणजीच्या सामन्याला गॅलरी ओस. आयपीएलची टीम आवडायला काही लागत नाही. रंग आवडला, हीरो आवडला, झाली आपली टीम! पुढच्या लिलावात हीरो दुसरीकडे गेला की चाहताही गेला. प्रांताच्या टीमचं तसं नसतं. ती निवडावी लागत नाही, ती पत्त्याबरोबर येते. रेशनकार्डासारखी!

पण ओस गॅलरीतून तयार होणारे खेळाडूच पुढे मैदानं भरवतात, हे आपण विसरतो. २०२२च्या फायनलमध्ये शतक ठोकणारा रजत पाटीदार २०२५मध्ये बंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्सचा कप्तान म्हणून आयपीएल जिंकला, तेव्हा देश त्याच्यावर फिदा झाला. मध्य प्रदेशच्या रणजीवेड्यांनी मात्र त्याला केव्हाच ओळखलेलं होतं.

खेळाडूंचे दिवस तरी बरे आलेत. २०२१-२२च्या हंगामापासून रणजीत ४०पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये मानधन ठरलं, नवख्याला ४० हजार. विजेत्या टीमचं बक्षीस २०२३-२४पासून दोन कोटींवरून पाच कोटींवर गेलं. चाहत्याच्या पदरात मात्र काय? जबलपूरहून रात्रीची ओव्हरनाइट एक्स्प्रेस पकडायची, सकाळी इंदूरला उतरायचं, होळकर स्टेडियमवर दिवसभर ऊन खात बसायचं. घरून नेलेला डबा खायचा आणि संध्याकाळी स्कोअर २४० वर ६! पूर्वी आकाशवाणीवर इंदूरच्या सुशील दोशींची हिंदी कॉमेंट्री कानात साठवायची आणि आता दुकानात गिऱ्हाईक असताना टेबलाखाली मोबाईलवर आकडे बघायचे.

यात सगळ्यात जास्त सोसतात त्या घरातल्या बायका, असं कुणी म्हणेल. पण कितीतरी घरांत उलटंही असतं. नवरा स्कोअर विसरतो, बायकोला पाठ असतो! लग्न होऊन दुसऱ्या प्रांतात गेलेल्या बाईला नवी टीम 'आपली' करणं फारसं अवघड जात नाही. तिनं तर अख्खं घर आपलं केलेलं असतं. माहेर सुटत नाही आणि सासर परकं राहत नाही. मग मुंबई जिंकली तरी आनंद, मध्य प्रदेश जिंकला तरी आनंद. एकाच आयुष्यात दोन टीम! हा हिशेब पुरुषांना जरा उशिरा कळतो.

करंडकानंतर काय?

परीकथा असती तर गोष्ट २६ जून २०२२लाच संपली असती. पण प्रांताच्या टीमला पुढचा हंगाम असतोच. मध्य प्रदेश २०२२-२३ला सेमीफायनलमध्ये बंगालकडून हरला. मार्च २०२४मध्ये पुन्हा सेमीफायनल, तीही नागपूरला, विदर्भाविरुद्ध. ३२१ धावांचा पाठलाग २५८वर थांबला. पुन्हा नागपूरकर पुढे, जबलपूरकर मागे! मुंबईनं तिथून पुढे विदर्भाला हरवून ४२वा करंडक नेला. २०२४-२५मध्ये विदर्भ केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा विजेता ठरला. आणि त्या फायनलमध्ये केरळचा कोच कोण होता? जबलपूरचा अमय खुरासिया! टीम हरली, पण केरळ पहिल्यांदाच फायनलला पोचला होता. जबलपूरकरांना त्या आठवड्यात तिसरीच टीम आपली वाटली असेल तर त्यांना दोष कोण देणार?

२०२४पासून मध्य प्रदेश लीगमध्ये जबलपूर लायन्स नावाची टीमही उतरली. गावाच्या नावाची जर्सी घालून पोरं मैदानात उतरतात, ही लहान गोष्ट नव्हे. आज जो मुलगा ती जर्सी बघून टाळ्या पिटतो, तोच उद्या रणजीच्या रिकाम्या गॅलरीत बसणारा माणूस होऊ शकतो. पण त्याला तिथं नेणारं कुणीतरी मोठं माणूस लागतं. टीमचं वेड वारशानं मिळतं, ते टीव्हीवरून मिळत नाही.

तेव्हा तुम्ही रिछाईत राहत असा, नागपूरच्या धरमपेठेत, की नोकरीपायी बडोद्यात... रणजीचा हंगाम आला की एखादा दिवस काढा. आई-बाबांना, मुलांना, जमलं तर शेजारच्या काकांनाही बरोबर घ्या. चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका. बऱ्याच मैदानांवर तर तिकीटही लागत नाही. आणि तुमची टीम हरली तर? निराश होऊ नका. मध्य प्रदेशवाल्यांना विचारा, पहिला करंडक येईपर्यंत काय करायचं असतं ते!